फोडणीला की अळीला?

दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाली आणि लगेच आमच्या सोसायटीच्या बागेचं उद्घाटन उरकलं. बाग म्हणजे काय, तर पंपरूममागची ३० बाय १२ फुटांची जागा. तिथे इतकी वर्षं फुटक्या लाद्या, कुणाच्या तरी घरातून उखडलेला कमोड आणि चाकं नसलेली एक लुना सुखाने नांदत होती. एरवी लुनाला कुणी वाली नव्हता. भंगारवाला न्यायला आला तेव्हा मात्र तीन मालक निघाले.

ही टूम काढली आमच्या निवृत्त काकांनी. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर अख्खी बाग फुलवली, हे काकांना कुठूनसं कळलं होतं. ते तीन मीटिंगा तेवढंच सांगत राहिले. चौथ्या मीटिंगला लोक कंटाळून हो म्हणाले. मग विटांचे वाफे झाले, तळाला कोपऱ्यावरच्या रसवंतीतून आणलेली चिपाडं, वर पालापाचोळा, त्यावर माती. सेक्रेटरींनी 'निसर्गाशी नातं' या विषयावर भाषण केलं, तोवर पोरांनी वाफ्यात नाचून घेतलं.

धन्यांवरून पहिली खडाजंगी झाली. ए विंगच्या इंजिनियर साहेबांनी पाकिटातले धने तसेच पेरले. तळमजल्यावरच्या आजींनी ते पाहून कपाळाला हात लावला. त्यांनी आपले धने फडक्यात बांधले, वरून लाटणं फिरवलं आणि पोरांना एकेक धना दाखवला: बघा, एकात दोन जीव असतात, वेगळे केले की दोन्ही उगवतात. दहाबारा दिवसांनी आजींच्या ओळीत हिरवी लव दिसू लागली. साहेबांच्या ओळीत चार कोंब होते, तेही रुसल्यासारखे. मेथी मात्र भाबडी, चौथ्याच दिवशी हजर! महिन्याभरात काढणीला आली, पण पाच जुड्या आणि ४२ बिऱ्हाडं. कुणाला काय द्यायचं? शेवटी सगळ्यांचे मिळून ठेपले झाले आणि पार्किंगमध्ये उभ्याउभ्या संपले. आठ वर्षं लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारे शेजारी तिथे एकमेकांना 'तुमच्याकडे मेथी कडू लागते का हो?' असं विचारत होते.

खरं भांडण पेटलं कढीपत्त्यावरून. बी विंगच्या काकूंनी आपल्या कुंडीतलं रोप बागेला दिलं होतं, त्यामुळे त्यावर त्यांची नजर. एका सकाळी त्यांना पानांवर चिमणीची शीट दिसली. पुसायला गेल्या तर शीट चालू लागली! अळ्या होत्या, एक सोडून सहा. काकूंनी तिथल्या तिथे फर्मान काढलं, औषध मारा. चौथीतल्या एका मुलीने रोपापुढे फतकल मारली आणि उठेचना. ती म्हणाली, ही लिंबू फुलपाखराची अळी आहे, मोठी झाली की हिरवी होते, लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले असतात म्हणून तिला दोन्ही चालतं. तिच्या भावाला मात्र हे नीलवंतच हवं होतं. नीलवंत २०१५पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे आणि त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळावरच वाढतात, म्हणजे पोराचा हट्ट अगदीच वावगा नव्हता.

काकूंनी चष्मा लावून काडीने एका अळीला डिवचलं. अळीने डोकं उगारलं आणि मागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली, ओली, चकचकीत, वर घाणेरडा वास. काकू दोन पावलं मागे सरल्या. "अगो बाई, एवढीशी आहे पण तोरा बघा हिचा," म्हणाल्या, आणि औषधाचा विषय त्या दिवसापुरता मागे पडला. दुसऱ्या दिवशीही त्या आल्या, काडी घेऊन. हे काही मला पटलं नाही, उगीच कशाला छळायचं तिला? पण बोलण्याची माझी छाती झाली नाही.

आठवड्याभरात अळ्या हिरव्यागार, बोटाएवढ्या झाल्या आणि रोपाच्या उरल्या नुसत्या काड्या. आता या खाणार काय?

परवा संध्याकाळी भाजीवाल्यापाशी काकू भेटल्या. कोथिंबिरीवर फुकट मिळणाऱ्या चार काड्यांवर भागणार नव्हतं, चांगली दहा रुपयांची कढीपत्त्याची जुडी घेतली होती. पानन्‌पान हुंगून बघत होत्या.

"यावर फवारणी नाही ना केलेली?"

"काकू, फोडणीत टाकण्याआधी धुऊन घ्या की."

"फोडणीला नाही रे," काकू म्हणाल्या, "अळीला हवाय."