निर्गुडी, उंदीर आणि एथिक्स कमिटी

एम.फार्म.ला निर्गुडीच्या पानांचा अर्क दुखणं कमी करतो का, हे उंदरांवर तपासायचं काम घेतलं. खानदेशात हे झुडूप नाल्याकाठी, बांधावर कुठेही दिसतं. गुडघा सुजला की पानं तव्यावर गरम करून बांधतात. त्यामुळे पानांची ददात नव्हती. बॉटनीच्या सरांकडून नमुना ओळखून घेतला, पानं सावलीत वाळवली, सॉक्सलेटवर (अर्क काढायच्या काचेच्या उपकरणावर) अर्क काढला. गाडी अडली ती उंदरांच्या परवानगीपाशी.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या कॉलेजच्या ॲनिमल एथिक्स कमिटीला ‘फॉर्म बी’ हा अर्ज द्यावा लागतो. उंदीर किती, तेवढेच का, त्यांच्यावाचून भागेल का, शेवटी त्यांचं काय करणार, सगळं लिहायचं. समितीत पशुवैद्य असतात, विज्ञानाशी संबंध नसलेला एक सदस्यही असतो. मला विचारलं गेलं, “तापलेल्या प्लेटवरून उंदीर उडी मारत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, हे कशावरून? गुंगीत असला तर?”

मुद्दा बिनतोड होता. हॉट प्लेट चाचणीत साधारण 55 अंश तापलेल्या प्लेटवर उंदीर ठेवतात आणि तो पंजा चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंतचे सेकंद मोजतात. 15 सेकंदांत काहीच केलं नाही तर उचलायचाच, नाहीतर पंजे भाजतात. पण पेंगणारा उंदीरही तसाच बसून राहील की! म्हणून रोटारॉड जोडलं: फिरत्या दांड्यावर त्याचा तोल टिकतो का, ते पाहायचं. मग मंजुरी मिळाली.

दुसरी चाचणी बघवत नाही. पातळ ॲसिटिक ॲसिड पोटात टोचलं की उंदीर पोट आवळतो, मागचे पाय ताणतो. ते आळोखे मोजायचे. मोजणाऱ्याला कुठल्या गटाला अर्क दिलाय आणि कुठल्याला डायक्लोफेनॅक हे नेहमीचं वेदनाशामक, हे कळू द्यायचं नाही. मी गट मैत्रिणीकडून पाडून घेतले, कारण आपला अर्क जिंकावा असं मनातून वाटतंच. डायक्लोफेनॅकसारखी औषधं इथे चांगली दिसतात, हॉट प्लेटवर मात्र फारशी नाही. तिथे मॉर्फिनच्या जातीची औषधं चमकतात. दोन्ही चाचण्या लागतात त्या यासाठी.

आणि हो, ही कामं मे महिन्यावर ढकलू नका. बाहेर पारा 44-45 वर आणि ॲनिमल हाऊस (उंदीर ठेवायची जागा) 22 अंशांच्या आसपास ठेवायचं. लाइट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत तिथे काम करणारे आमचे काका थर्मामीटरसमोरून हलायचे नाहीत.