पेडल काढून वाजवलंस का?

कळव्याचा एक मुलगा गिटारच्या पेडलच्या, म्हणजे पायाने चालू-बंद करायच्या आवाज बदलणाऱ्या डब्यांच्या, कामांसाठी माझ्याकडे येतो. दिवसा एका अकाउंटंटकडे नोकरी आणि सणासुदीला वाद्यवृंदात गिटार. मागच्या वर्षी कोजागिरीच्या आठ दिवस आधी नौपाड्यातल्या माझ्या टेबलावर त्याने एक वापरलेला कॉम्प्रेसर ठेवला आणि म्हणाला, "दादा, हा श्वास घेतो."

एवढ्यावरून मला तक्रार समजली. सूर विरत आला की मागून घरघर वर चढते, पुढचा सूर छेडला की झटकन दबते. चढते, दबते. ऐकणाऱ्याला खरंच वाटतं, कुणीतरी धापा टाकतंय.

कॉम्प्रेसर करतो काय, तर जोरात वाजलेलं खाली दाबतो आणि मग सगळ्यालाच वर उचलतो. बोट हलकं पडलं, जोरात पडलं, बाहेर येणारा आवाज जवळजवळ सारखा. प्रमाण चारास एक असेल तर ठरलेल्या पातळीच्या वर तुम्ही ८ डेसिबल जास्त मारलं, तरी बाहेर २ डेसिबलच वाढतं. म्हणून तर गिटारचा सूर लांब टिकतो. तारेची ताकद ओसरत जाते आणि पेडल तेवढाच हात देत राहतं. पण तारेचा आवाज संपल्यावर गिटारच्या वायरमध्ये उरतो तो फक्त हम, म्हणजे विजेची घरघर, आणि पेडल त्यालाही त्याच मायेने उचलतं. त्याला सूर कोणता आणि घरघर कोणती, हे कळत नाही.

मी पेडल उघडलं. दोन नॉबचं, सत्तरच्या दशकातल्या डायना कॉम्पच्या घराण्यातलं. या घराण्यात सीए ३०८० नावाची चिप असायची. ती बनणं केव्हाच बंद झालं, आता त्या जागी बहुतेक एलएम १३७०० दिसते. सिग्नल दिला, स्कोपवर, म्हणजे सिग्नलची लाट दाखवणाऱ्या पडद्यावर पाहिलं, लाट स्वच्छ. कुठे काही सापडेना. तरी वस्तू जुनी, म्हणून दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलले, नॉब साफ केले, ४०० रुपये घेतले. "टेबलावर तर झकास चालतोय," असं सांगून परत दिलं.

कोजागिरीच्या दिवशी सकाळी साडेदहाला फोन. "दादा, तसाच आहे. घरी नीट चालतो, कार्यक्रमात बिघडतो. काल वाशीला पण तेच झालं. आज कोपरखैरण्याला आहे, साडेसातला."

घरी नीट चालतो, कार्यक्रमात बिघडतो. हे वाक्य त्याने आठ दिवसांपूर्वीही म्हटलं असेल. मी ऐकलं नव्हतं. माझं लक्ष पेडलच्या पोटात होतं.

दुपारी दुकान बंद केलं. पिशवीत मीटर, छोटा आयर्न, नव्या ९ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि माझ्याकडचे आणखी दोन कॉम्प्रेसर टाकले. त्याचं पेडल खरंच गेलं असेल तर हात रिकामे नकोत. ठाण्याहून वाशीची ट्रान्स-हार्बर गाडी धरली. ऐरोली, रबाळे, घणसोली जाईपर्यंत त्याच्याकडून त्याच्या पेडलची सगळी साखळी, कशानंतर काय लावतो ते, समजून घेतलं. गिटार, मग ओव्हरड्राइव्ह म्हणजे आवाजाला खरखरीत धार देणारं पेडल, मग व्हॉल्यूम पेडल, मग कॉम्प्रेसर, मग डीआय बॉक्समधून, म्हणजे गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीतून, थेट मिक्सर. स्टेजवर अँप्लिफायर नाही. वाद्यवृंदात आता बहुतेक असंच असतं. सगळ्यांना वीज एकाच अडाप्टरची, एका वायरला पाच पिना.

यातल्या दोन गोष्टी तिथल्या तिथेच खटकल्या. ओव्हरड्राइव्ह आधी असेल तर त्याचा स्वतःचा सूंसूं आवाजही कॉम्प्रेसर उचलणार. आणि व्हॉल्यूम पेडल कॉम्प्रेसरच्या आधी ठेवणं म्हणजे स्वतःशीच भांडणं. भावगीतात हा पायाने सूर हळूच उमलवत आणतो, आणि मागून कॉम्प्रेसर म्हणतो, कमी झालंय का, घे वाढवून. सगळी मेहनत सपाट.

"तरीच," तो म्हणाला. "मला वाटायचं माझा पायच बरोबर पडत नाही."

हॉल एका सोसायटीचा. स्टेजवर सतरंज्या, एका बाजूला लाइटवाल्यांच्या पेट्या, मागच्या दारापाशी दुधाची मोठी पातेली येऊन पडलेली. साउंडवाले काका साठीचे, शांत माणूस. एका कोपऱ्यातून वीज घेतली होती आणि लाइट, साउंड, सगळं त्याच बोर्डावर. मी मुलाला म्हटलं, "उभ्या उभ्या हळूहळू फिर." तो फिरला तसा हम कमी-जास्त झाला. गिटारच्या तारांखालचा सिंगल कॉइल पिकअप म्हणजे हजारो वेढ्यांची उघडी तार. दिव्यांच्या पेट्यांचं चुंबकीय क्षेत्र ती सरळ पिऊन घेते. म्हणजे हमचं मूळ ते. त्याला दोन पिकअप एकदम चालतील त्या मधल्या जागेवर स्विच ठेवायला सांगितलं. त्याच्या गिटारमधला मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आहे, त्यामुळे दोघांचा हम एकमेकांना खातो. काकांनीही लगेच आमची वायर लाइटच्या बोर्डावरून काढून दुसरीकडे नेली. बराच फरक पडला.

पण धापा थांबल्या नाहीत.

अडाप्टर काढला, बॅटरी लावली. धापा तशाच. ओव्हरड्राइव्ह काढलं, तशाच. मग माझा पहिला कॉम्प्रेसर लावला. तशाच! तिथे माझ्या डोक्यात जे यायला हवं होतं ते आलं. "सगळं काढ. गिटार सरळ डीआयमध्ये लाव."

त्याने एक सूर छेडला आणि धरून ठेवला. सूर विरला. आणि स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरमधून घरघर हळूहळू वर चढली. आधीपेक्षा कमी, पण चढली.

वाटेत एकही पेडल नव्हतं.

मी स्टेजवरून उतरून मिक्सरपाशी गेलो. डिजिटल मिक्सर, भाड्याचा. "काका, गिटारचं चॅनेल दाखवता?" त्यांनी बोट लावलं, पडद्यावर चॅनेल उघडलं. कॉम्प्रेसर चालू. प्रमाण सहास एक, वर दबलेलं उचलायला १० डेसिबलची भरपाई. मुलगा सूर छेडायचा आणि किती दाबलं ते दाखवणारी पट्टी झरकन खाली यायची, सूर विरला की परत वर.

काका क्षणभर बघत राहिले. मग म्हणाले, "अहो, नऊ नंबरवर निवेदकाचा माईक असतो माझा. भाषणाची सेटिंग आहे ही. प्रत्येक कार्यक्रमाला तीच फाइल उघडतो. तुमच्या गिटारची वायर नऊवर आली."

एक मिनिटाचंही काम नव्हतं ते. त्यांनी कॉम्प्रेसर बंद केला आणि मॉनिटर स्वच्छ झाला.

पेडल साधारण १० डेसिबल उचलत होतं, मिक्सर आणखी १०. वीस डेसिबल म्हणजे व्होल्टेजच्या हिशोबाने दहापट. इकडे दिव्यांचा बारीकसा हम आत शिरत होता आणि हॉलमध्ये तो दहापट होऊन बाहेर पडत होता. वरून दोन कॉम्प्रेसर एकामागे एक, प्रत्येकाची दाब सोडण्याची गती वेगळी, म्हणून ती विचित्र धाप. माझ्या टेबलावर हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण तिथे मिक्सर नव्हता. पण एक प्रश्न तर टेबलावर बसूनही विचारता आला असता. पेडल पूर्ण काढून वाजवलंस का? तो मी विचारला नव्हता, आणि चांगल्या पेडलचे कपॅसिटर काढून पैसे घेतले होते. हे मला लागलं. पाकिटातून ४०० काढून मुलाच्या हातात ठेवले. तो घेईना. मी त्याच्या गिटारच्या बॅगेत टाकले.

साउंड चेकला अजून तास होता. तो म्हणाला, "दादा, आता तिन्ही आहेतच, तर लावून बघू?"

माझ्या मते कॉम्प्रेसर निवडायला याहून चांगली जागा नाही. घरी छोट्या अँपवर, रात्री, शेजारी उठणार नाहीत इतक्या आवाजात निवडलेला कॉम्प्रेसर स्टेजवर हमखास दगा देतो. घरी जो टिकाऊ, गुळगुळीत सूर वाटतो, तो ढोलकी आणि ऑक्टोपॅड सुरू झाले की मेणासारखा मऊ पडतो. गिटारचा चेहरा म्हणजे पिकचा तारेवरचा पहिला टणत्कार, आणि कॉम्प्रेसर पहिला घाव घालतो तो त्याच्यावरच.

काकांना मी एकच विनंती केली. प्रत्येक पेडल चालू आणि बंद, दोन्ही वेळा मीटरवर आकडा सारखा यायला हवा. कान फार सहज फसतो. जरा मोठं वाजलं की ते चांगलंच वाटतं, आणि दुकानात निम्मे कॉम्प्रेसर असेच विकले जातात. लेव्हलचा नॉब फिरवून तिन्ही पेडल बंद अवस्थेइतक्या आवाजाला आणली. मग मुलाला पाठमोरा उभा केला, पायाने पेडल मी बदलत होतो.

आधी त्याचं स्वतःचं. सस्टेनचा, म्हणजे सूर लांबवण्याचा नॉब तो पूर्ण उजवीकडे ठेवायचा, मी तो नऊ वाजताच्या जागेवर आणला. या जातीत दाबण्याची पातळी वेगळी देता येत नाही, सस्टेन वाढवाल तसा दाब आणि हम दोन्ही वाढतात. कमी सस्टेनवर कोळीगीताचा तुटक रिदम असा बसला की ढोलकीवाले आपली पुडी कसता कसता मान हलवू लागले. सगळे ठोके एका उंचीचे, चिक-चिक-चिक. पण भावगीताचे सुटे सूर त्याने बोटांनी छेडले तेव्हा काहीतरी गेलं. आवाज होता, बोट नव्हतं.

दुसरा ऑप्टिकल. याच्या पोटात एक एलईडी आणि त्याच्यासमोर उजेडानुसार रोध बदलणारा तुकडा, दोघं अंधाऱ्या डबीत बंद. तुम्ही जोरात वाजवलं की एलईडी उजळतो, तुकड्याचा रोध कमी होतो, आवाज दबतो. उजेड गेला तरी तो तुकडा लगेच भानावर येत नाही, सावकाश येतो. हे तत्त्व १९६० च्या दशकात स्टुडिओतल्या एलए-२ए यंत्राने नावारूपाला आणलं, आणि गाणाऱ्याच्या आवाजावर लोक आजही ते लावतात ते याच सावकाशपणासाठी. मुलाने तेच सुटे सूर परत छेडले. अंगठ्याचा खर्जाचा सूर जड, मधल्या बोटाचा हलका, ही उतरंड शाबूत राहिली आणि शेवटचा सूर मात्र लांब गेला.

पाठमोरा असूनच तो म्हणाला, "हा."

तिसऱ्यात ब्लेंडचा नॉब होता, मूळ आवाज आणि दाबलेला आवाज हव्या त्या प्रमाणात मिसळणारा. पिकचा टणत्कार मूळ आवाजातून येतो, लांबी दाबलेल्या आवाजातून. दुसऱ्या कुणाला मी डोळे मिटून हाच दिला असता. एकच पेडल घेऊन सगळ्या तऱ्हेची गाणी वाजवायची असतील तर तो सगळ्यात कमी चुकतो. पण याचं गाणं बोटांचं आहे. त्याला उतरंड हवी होती आणि ती दुसऱ्यात होती. मी आग्रह केला नाही.

मग साखळी नव्याने लावली. गिटारनंतर लगेच ऑप्टिकल कॉम्प्रेसर, मग ओव्हरड्राइव्ह, शेवटी व्हॉल्यूम पेडल. सगळं एकाच अडाप्टरवर नको, म्हणून कॉम्प्रेसर बॅटरीवरच ठेवला. नॉबच्या जागी पांढऱ्या पेनाने ठिपके दिले. आणि बजावलं, कोळीगीतं आली की पाय देऊन बंद कर. तिथे ढोलकीच्या जोडीला या सावकाश कॉम्प्रेसरपेक्षा तुझा उघडा हात बरा, कमी-जास्त होऊ दे.

कार्यक्रम वीस मिनिटं उशिरा सुरू झाला. मी मागे दुधाच्या पातेल्यांपाशी उभा होतो. चौथं गाणं संथ भावगीत. कडव्याच्या शेवटी गायिका थांबते आणि गिटारचे चार सूर एकटे उरतात, ही जागा मला त्याने गाडीत सांगितली होती. चार सूर आले. चौथा त्याने पायाने उमलवत आणला, धरला, सोडला. तो विरत विरत गेला आणि त्याच्यामागे काहीही वर आलं नाही. माझ्या शेजारच्या बाईंचा डाव पातेल्याच्या काठाला लागला तो ऐकू आला. काकांनी मिक्सरवरून माझ्याकडे पाहिलं, मी हात वर केला.

रात्री कोपरखैरण्याच्या फलाटावर आम्ही दोघं मसाला दुधाचे कागदी पेले हातात घेऊन उभे होतो. तो ऑप्टिकल पेडलची किंमत विचारत होता. मी म्हटलं, दिवाळीपर्यंत वाजव, मग बोलू. तुझं जुनं विकू नकोस, रिदमला ते सोनं आहे. गाडी आली. आत शिरता शिरता त्याच्या पेडलच्या पिशवीकडे लक्ष गेलं, कॉम्प्रेसरला वायर तशीच लावलेली.

"इनपुटचा जॅक काढ आधी," मी म्हटलं. "तो आत असला की बॅटरी चालूच राहते, सकाळपर्यंत उतरेल."