पाटाच्या कडेकडेनं

सायकलच्या टायरमधून उपटलेला सराटा दुपारी ओट्यावर ठेवून नीट पाहिला, की रागाऐवजी कौतुकच वाटू लागतं. जमिनीला चिकटून पसरणारी, पिवळ्या फुलांची साधीशी वनस्पती. फळ वाळलं की त्याची पाच शकलं होतात आणि प्रत्येकाला दोन लांब, दोन आखूड काटे. कशीही पडली तरी एक टोक आभाळाकडेच. बाभळीचा काटा निदान दिसतो. वेडी बाभूळ तोडून बांधावर टाकलेली असली की माणूस लांबूनच हँडल वळवतो. सराटा दिसत नाही. आणि खानदेशात सायकलीनं जायला जिथे सगळ्यात मजा येते तिथेच तो माजतो : पाटाच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्यावर.

हतनूरचा उजवा कालवा यावल-चोपड्याकडे जातो, तर जामद्याच्या बंधाऱ्यातून निघालेले गिरणेचे पाट भडगाव-पाचोऱ्याकडे. काठावरची वाट पाटबंधारे खात्याच्या जीपसाठी आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यासाठी. पाण्याला चढ चढता येत नाही, एवढ्या एकाच कारणानं ही वाट सपाट असते. हजारो फुटांत एखादा फूट उतार. मध्ये टेकाड आलं की पाट त्याला वळसा घालतो आणि आपणही. हतनूरच्या पाटावरून पश्चिमेला निघालं की उजव्या हाताला सातपुडा, डाव्या हाताला केळी आणि त्यापलीकडे कुठेतरी तापी. ट्रक नाही, डंपर नाही, कानात हॉर्न नाही. समोरून आलाच तर चाऱ्याचा भारा घेतलेला एखादा मोटारसायकलवाला. “कथा चालना भाऊ?” (कुठे चाललास?) एवढं अहिराणीत विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबत नाही.

फ्रान्समधल्या बरगंडीचं सायकलवाल्यांना फार अप्रूप. बोन गावापासून सांतनेपर्यंत वीस-बावीस किलोमीटरची वाट पोमार, वोलने, मर्सो अशा वाइनच्या बाटल्यांवर झळकणाऱ्या गावांमधून जाते. तीही मुळात सायकलसाठी नाही; द्राक्षबागांत ट्रॅक्टर नेण्याचे ते रस्ते. त्याच्या दक्षिणेला जिव्री ते क्ल्युनी ही चव्वेचाळीस किलोमीटरची वाट 1997 मध्ये सुरू झाली, बंद पडलेल्या रेल्वेच्या मार्गावर. रेल्वेच्या इंजिनालाही फार चढ सोसत नाही, म्हणून डोंगराळ मुलुखातही ती सौम्य. पुढे मॅकॉनच्या बाजूला दीडेक किलोमीटरचा बोगदा आहे. तो हिवाळ्यात बंद ठेवतात, कारण आत वटवाघळं झोपलेली असतात. म्हणजे सायकलीसाठी म्हणून मोकळी वाट तिथेही कोणी आखून दिली नव्हती. कुणाचं तरी दुसरं काम चालू होतं किंवा संपलं होतं, त्यातून ती उरली. तिथे द्राक्षांचं, इथे पाण्याचं. म्हणून पाटाच्या रस्त्यावर आपण पाहुणे. बैलगाडी आली की सायकल उचलून कडेला घ्यायची, पाटकऱ्याला रामराम घालायचा, आणि पाणी सोडायच्या दाराच्या चाकाला हात लावायचा नाही. खाली कुणाची तरी पाण्याची पाळी असते.

पाळीवरून आठवलं. रब्बीच्या पाण्याचं आवर्तन सुरू असताना काठ जागोजागी पाझरतो. मुरूम असेल तर सायकल निघून जाते, पण काळी माती असेल तर शंभर पावलांत मडगार्ड आणि टायरच्या मधे गारा भरून चाक जाम होतं. मग काडीनं उकरत बसा. पावसानंतर मुरुमाची वाट दुसऱ्या दिवशी चालते, काळीला तीन-चार दिवस द्यावेत, नाहीतर मडगार्ड घरीच काढून ठेवावेत. दुसरं संकट म्हणजे शेतकऱ्यांनी पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खणून बुजवलेले चर. दुरून ते दिसत नाहीत आणि पुढचं चाक बरोबर त्यात बसतं. नाल्यावर पाट जलसेतूवरून जातो, वाट मात्र खाली नाल्यात उतरते, तिथे आधीच उतरून सायकल ढकलावी. टायर पस्तीस ते चाळीस मिलिमीटर रुंद हवेत. सत्तर किलोच्या माणसाला पंचेचाळीस-पन्नास पीएसआय हवा पुरते, पुढच्या चाकात थोडी कमीच. दुकानदार टणक होईस्तोवर भरून देतो, तिनं मुरुमावर हाडं खिळखिळी होतात.

आणि तरीही सराटा लागतोच. ट्यूबमध्ये साठेक मिलिलिटर सीलंट घातलं तर बारीक भोकं वाटेतच बुजतात, पण इथल्या उन्हाळ्यात ते आत सुकून त्याची पापडी होते, म्हणून दर ऑक्टोबरात नवं घालावं. बाभळीनं केलेल्या चिरेपुढे त्याचं काही चालत नाही. मग पंक्चर काढणं आलं, आणि ते नीट काढणारा माणूस दुर्मिळ. टायर चढवताना कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर ठेवावं, म्हणजे ट्यूबला भोक सापडलं की वीत टाकून टायरमधली जागाही सापडते. टायरच्या आतून बोट फिरवू नये, कापसाचा बोळा फिरवावा. काट्याच्या टोकाला तंतू अडकतात आणि तो चोर पकडला जातो. खानदेशात बोळा शोधावा लागत नाही, वेचणीनंतर बांधाच्या काट्याकुट्यांना कापूस लोंबतच असतो. ट्यूबवर साच्याची एक बारीक उंच रेघ असते, ती काचपेपरनं सपाट करायची. राहिली तर तिच्याच कडेनं हवा निसटते. सोल्यूशनचा पातळ थर द्यायचा आणि मग पाच मिनिटं काहीही करायचं नाही. चमक गेली, बोटाला ओलं लागेनासं झालं, की ठिगळ. या पाच मिनिटांत सोल्यूशनवर फुंकर मारणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत. तोंडातली वाफ त्यावर बसते, आणि वर घाई केल्याचा आव. उन्हात ते तसंही वाळतंय ना?

भूक लागते तेव्हा भोवती लाखो केळी असतात आणि खायला एक नसतं. घड हिरवेच कापतात, हिरवेच ट्रकात भरतात, पिकतात ते दूरच्या गावी चेंबरमध्ये. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बागेत पिकलेलं केळं मागितलं तर मालकच हसतो. घरूनच चार-पाच घेऊन निघावं. तासाला दोन या हिशेबानं पोट आणि पाय दोन्ही चालतात. पाणी थंडीत तासाला अर्धा-पाऊण लिटर, मार्चमध्ये त्याच्या दुप्पट. दादर ज्वारीची भाकरी आणि ठेचा चालतो. तर्रीवाली शेवभाजी मात्र मुक्कामी पोचल्यावर. मध्ये खाल्ली की पुढचे वीस किलोमीटर ती आपल्याला खाते. द्राक्षाची वाइन हवी असेल तर चांदवड ओलांडून नाशिककडे जावं. सातपुड्याच्या पायथ्याला मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुलं टपटपतात, त्यांचंही काहीतरी होतंच. त्याला वाइन टुरिझम म्हणत नाहीत, इतकंच.

जुनी गावं पाहायची तर अंतर गावकऱ्यांना विचारू नये. “आठेच शे” (इथेच आहे) या उत्तरात एक ते नऊ किलोमीटर काहीही मावतं. थाळनेरचा किल्ला तापीकाठी, खानदेशच्या फारुकी सुलतानांची पहिली राजधानी, तिथवर सपाटी. चाळीसगावहून पाटणादेवी अठरा-वीस किलोमीटर, चढ शेवटीच. तिथल्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं 1207 च्या सुमारास आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे. (तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेव वेगळे. दोन्हीकडे सायकल नेणारे हटकून घोळ घालतात.) याच आजोबांनी सिद्धान्तशिरोमणीत पोकळ आऱ्यांमध्ये पारा भरून आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचं वर्णन केलंय. डोंगराच्या पोटातल्या त्या चढावर, पुढे तीस दात्यांची आणि मागे छत्तीसची चक्री लावूनही दम लागतो, तेव्हा हे वाचलेलं असू नये. पाटणादेवीहून परत फिरावं. पलीकडचा औट्रम घाट मोटारगाड्यांचा. तिथे सायकल घालण्यात शौर्य नाही.

पाचोरा-जामनेर ही छपन्न किलोमीटरची नॅरोगेज, आपली पीजे, 2020 मध्ये थांबली ती थांबलीच. तेव्हापासून तिच्या मार्गावर सायकलवाट करावी असं म्हणणारा एखादा भेटतो, बहुधा पुण्याचा. शेंदुर्णी-पहूरच्या माणसाला विचारा, त्याला गाडी हवी आहे, आणि ती ब्रॉडगेज होऊन यावी हेच बरोबर. सायकल काय, पाटाच्या चारीवरूनही जाते. नवी गाडी सायकल डब्यात घेऊ देईल का, हे मात्र त्या दिवशीच्या गार्डावर.