तुम्ही वारली का काढत नाही?

मुंबईत भिंती रंगवण्याचे काम करते म्हटल्यावर सोसायटीच्या सचिवांपासून शाळेच्या मुख्याध्यापिकांपर्यंत सगळे मला एकच प्रश्न विचारतात. ‘तुम्ही वारली का काढत नाही? सोपी असते, उठून दिसते, शिवाय आपली कला आहे.’ आजवर ‘माझा त्यात हात बसलेला नाही’ असे सांगून मी वेळ मारून नेली. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा खरे कारण लिहिते.

तिला सोपी म्हणणाऱ्यांनी ती मुळात कशावर काढतात हे पाहिलेले नसते. पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या वारली आदिवासींच्या जुन्या घराची भिंत कारवीच्या कुडाची असते, तिच्यावर शेणामातीचा लेप असतो आणि त्यावर गेरू. तांदळाच्या पिठात पाणी आणि थोडा डिंक कालवून, बांबूच्या काडीचे टोक चावून केलेल्या कुंचल्याने रेघ ओढली, की ती ओली असताना फिकट दिसते आणि वाळत जाईल तशी पांढरी उमटते. खडबडीत लेपामुळे तिची कड जागोजागी किंचित फुटते. कारवी डोंगरावरची, तांदूळ खाचरातला, माती पायाखालची. ज्या मुलखाचे चित्र, तो मुलूखच त्या भिंतीला लागलेला असतो. लग्नाच्या वेळी भिंतीवर काढायचा चौक सुवासिनी काढत आल्या, त्यात पालघट देवी असते आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांच्या माशांच्या जाळ्यांतही तोच मुलूख आहे.

पूर्वी मी याच्या अगदी उलट बोलत असे. कला कुणाच्या मालकीची नसते, भिंत सर्वांची तर चित्रही सर्वांचे, असे तावातावाने मांडत असे. डहाणूच्या मुलाने तैलरंगात निसर्गचित्र काढले तर त्याला कुणी जाब विचारत नाही, मग मलाच का, हा माझा तेव्हाचा युक्तिवाद मला आजही खोडता आलेला नाही.

माझे मन फिरले ते पश्चिम उपनगरातल्या एका बांधकामाच्या पत्र्यांपाशी. आतली आंब्याची आणि करंजाची जुनी झाडे तोडून झाली होती, जेसीबीने बुंधे उपटणे चालू होते, आणि ठेकेदाराला त्या जागेभोवतीच्या पत्र्यांवर वारली हवी होती. ‘झाडे भरपूर टाका, येणाऱ्याजाणाऱ्यांना बरे वाटते,’ असे त्यांनी मला सांगितले. त्यांनी स्टेन्सिलसुद्धा कापून आणले होते: एक झाड, तारपा या फुंकवाद्याभोवतीचा एक नाच, एक बैलगाडी, आणि हेच आळीपाळीने रस्त्याच्या टोकापर्यंत. नमुना म्हणून एका पत्र्यावर तारप्याचा फेर उमटवलेला होता. पन्हळीच्या प्रत्येक खाचेत नाचणाऱ्यांचे पाय तुटले होते. पत्र्यामागून ओल्या लाकडाचा वास येत होता. मी काम नाकारले आणि माझ्यापुरता विषय संपला असे धरून चालले.

काही दिवसांनी त्याच पत्र्यांवर डहाणूकडचा एक वारली तरुण काम करताना दिसला. स्टेन्सिल त्याने बाजूला टाकून दिले होते. तो हाताने काढत होता, आणि त्याचे झाड पन्हळीच्या उंचसखल भागाचा आधार घेत असे काही वर चढत होते, की मी तिथेच उभी राहिले. मग हेच काम मी नाकारले होते असे सांगून न राहवून विचारले, या पत्र्यांच्या आत काय चालले आहे ते तुला माहीत आहे का? कुंचला न थांबवता तो म्हणाला, ‘ताई, आत बघूनच काढतोय. तुम्हाला “नाही” म्हणता आलं, कारण तुम्हाला दुसरी भिंत मिळते. आणि आमचं चित्र आम्ही कुठं काढायचं, तेपण आता तुम्हीच ठरवणार का?’

मला उत्तर देता आले नाही. राग मात्र आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही, कारण त्याच्या हातामुळे ते पत्रे इतके देखणे झाले की लोक थांबून फोटो काढू लागले आणि ठेकेदाराला हवे होते ते अगदी तसेच साधले.

त्यानंतर मी मुंबईचीच जमीन रंगवत आले आहे: अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे कातळस्तंभ, गोराईची तिवरे, शिवडीच्या चिखलातले रोहित पक्षी. त्यावर ‘हे कोकणातले कुठले गाव?’ असे मला विचारले जाते. वारली पाडे आरेमध्ये आहेत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही आहेत, म्हणजे याच शहराच्या हद्दीत आहेत; गेटवर वारली मागणाऱ्या कितीतरी जणांना हे सांगावे लागते, आणि माझी चिडचिड होते ती तिथे.

तुम्हाला वारलीच हवी असेल तर वारली चित्रकाराला बोलवा. त्याच्या हातात स्टेन्सिल देऊ नका, मला जेवढे पैसे देणार होता तेवढेच त्याला द्या आणि भिंतीवर त्याला स्वतःचे नाव लिहू द्या. तसल्या पत्र्यांचे काम मी आजही घेणार नाही. त्या तरुणानेही ते घ्यायला नको होते असे मला वाटते, आणि असे वाटून घेण्याचा मला काय अधिकार, हेही त्याच वेळी वाटते.