नववा प्रश्न

मंगळवार, रात्री दीड

आज ओपीडीत एका शिक्षिकेकडून पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य तपासायचा फॉर्म, भरून घेतला. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. नववा मी पेन खाली ठेवूनच विचारतो: गेल्या दोन आठवड्यांत मेलेलं बरं असं कधी वाटलं? थेट विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार घुसत नाही, हे इंटर्नना दरवर्षी सांगतो. बाई बराच वेळ टेबलाकडे बघत राहिल्या, मग "रोजच" म्हणाल्या. बहीण सोबत होती. दोघींना स्वतः सायकियाट्रीत सोडून आलो.

झोप लागत नाहीये, कारण हाच फॉर्म मी रेसिडेन्सीत स्वतःसाठी भरला होता. ड्यूटी रूममध्ये, पेन्सिलने. नवव्यावर 'काही दिवस', म्हणजे एक, लिहिलं. मग खोडून शून्य केलं. बेरीज १७ ची १६ झाली. फसवत होतो स्वतःलाच, पण बेरीज चुकू दिली नाही!

सायकियाट्री खालच्याच मजल्यावर होती. पण तिथे केसपेपर लिहिणार माझाच बॅचमेट, मेसमध्ये रोज समोर बसणारा. मग सॅम्पलच्या गोळ्या काढून स्वतःच सुरू केल्या. पेशंटने हे केलं असतं तर झाप झाप झापलं असतं.

न्यूयॉर्कच्या डॉ. लोर्ना ब्रीन एप्रिल २०२० मध्ये आत्महत्येने गेल्या. कोविडच्या लाटेत इमर्जन्सी विभाग सांभाळणारी बाई. उपचार घेतल्याचं कळलं तर लायसन्स जाईल ही त्यांची धास्ती, असं घरच्यांनी नंतर सांगितलं. २०२२ मध्ये तिथे त्यांच्या नावाने कायदा झाला. मला ही धास्ती शब्दशः ओळखीची वाटली. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात सुमारे २९ टक्के रेसिडेंट डॉक्टरांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणं आढळली होती. म्हणजे आमच्या अकरा जणांत तिघं तरी असणार. बाकीचे दोघं कोण, आजही माहीत नाही. कदाचित तो केसपेपरवालाच.

चार महिन्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका वयस्कर सायकियाट्रिस्टकडे गेलो. व्यवसाय विचारला, तर 'शिक्षक' म्हणालो.

"विषय?"

"फिजिऑलॉजी."

ते हसले नाहीत. पेन खाली ठेवलं आणि नववा प्रश्न विचारला.

"काही दिवस," मी म्हणालो.