तुम्ही विचारलंत म्हणून: सरांचा फोटो अजून भिंतीवर का?

घरी येणारा प्रत्येक जण हॉलमधला तो ग्रुप फोटो बघतो आणि विचारतोच. जुने टीममेट तर अजून पुढे जातात, सरांच्या नावाने स्मृतिचषक भरवतोय त्याला तू एक रुपया देत नाहीस आणि फोटोही उतरवत नाहीस, तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस? इतकी वर्षं काहीतरी बोलून विषय टाळत आलो. आता एकदाच लिहितो.

सर म्हणजे आमच्या कॉलेजच्या कबड्डी टीमचे कोच. ते काय होते ते परळ-लालबागच्या कबड्डीवाल्यांना सांगायला नको. नाव मी कोणाचंच घेणार नाही, कॉलेजचंही नाही. चाळीतल्या किती पोरांच्या फिया त्यांनी भरल्या, किती जणांना स्पोर्ट्स कोट्यातून नोकरीला चिकटवलं. माझी नोकरीसुद्धा त्यांच्याच एका फोनवर लागली, आज ज्या घराच्या भिंतीवर फोटो आहे त्या घराचा हप्ता त्याच पगारातून गेला. हे मी लपवत नाही.

डिसेंबर 2004. मी टीवायला होतो, टीमचा कॅप्टन. स्पर्धेसाठी कोकणात गेलेलो, लॉजवर तीन खोल्या. सर घरच्या लग्नामुळे आले नव्हते, असिस्टंट कोच बरोबर होता. अकरावीतलं एक पोरगं होतं, डावा कोपरा खेळायचं, घोटा धरला की सोडायचं नाही. त्याची झोपायची सोय असिस्टंटच्या खोलीत होती. रात्री दीडच्या सुमाराला दारावर टकटक झाली, उघडलं तर हा चादर घेऊन उभा. "दादा, मी इथे झोपू?" मी म्हटलं इथे आधीच पाच जण आहोत, जा ना तिकडे, तिकडे पंखा तरी चांगलाय. तो गेला नाही. दाराच्या आतल्या बाजूला चपला काढलेल्या होत्या, त्या सरकवून तिथेच आडवा झाला. सकाळी नळावर तोंड धुताना त्याने सांगितलं, दोन-तीनच वाक्यं, माझ्याकडे न बघता, नळ पूर्ण सोडून.

मुंबईत उतरलो तसा जिमखान्याच्या खोलीत जाऊन मी सरांना सगळं सांगितलं. ते शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत ऐकत होते. झाल्यावर एवढंच विचारलं, "अजून कोणाला बोललायस?" नाही सर. "मग बोलू नको. मी बघतो." पाठीवर हात ठेवला. मी बाहेर आलो, गेटवर दोन वडापाव खाल्ले, आणि मला खरंच हलकं वाटत होतं. लोक विचारतात तू गप्प का बसलास, मी गप्प बसलो नव्हतो हो, मी सांगितलं होतं! पण ते हलकं वाटणं मला आजही सुटत नाही. त्या पोराचं पुढे काय हे त्या वडापावच्या गाडीवर माझ्या मनातही आलं नाही. ओझं माझ्या डोक्यावरून सरांच्या डोक्यावर गेलं, माझ्यापुरतं काम संपलं.

महिन्याभरात असिस्टंट "घरच्या अडचणीमुळे" सोडून गेला. निरोपाला शाल-श्रीफळ दिलं. ते द्यायला कॅप्टन म्हणून मलाच उभं केलं आणि मी दिलं. पोरगं मागच्या रांगेत होतं. पुढच्या वर्षी ते टीममध्ये नव्हतं.

नोव्हेंबर 2011 मध्ये ऑफिसात पेपर वाचताना अमेरिकेतल्या पेन स्टेट युनिव्हर्सिटीची बातमी दिसली. तिकडे कॉलेजचा फुटबॉल म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेटसारखं वेड. जो पटर्नो 1966 पासून तिथला मुख्य कोच, लोकांसाठी देवच. त्याचा जुना असिस्टंट जेरी सँडस्की लहान मुलांवर अत्याचार केल्याच्या आरोपाखाली पकडला गेला, आणि बाहेर आलं की 2001 मध्ये एका तरुण असिस्टंटने शॉवरमध्ये बघितलेला प्रकार पटर्नोला येऊन सांगितला होता. पटर्नोने वरच्या साहेबांना कळवलं. पोलिसांकडे कोणीच गेलं नाही. पटर्नोला काढलं त्या रात्री विद्यार्थी रस्त्यावर उतरले, टीव्हीवाल्यांची गाडी उलटी केली. कोचसाठी! पुढे सँडस्की 45 आरोपांत दोषी ठरला, पटर्नोचा पुतळा हलवला, त्याचे 111 विजय रेकॉर्डमधून काढले आणि 2015 मध्ये परत दिले. म्हणजे विजयांचा हिशोब तरी झाला.

ती बातमी वाचताना माझे हात गार पडले होते. मला सगळं कळलं होतं. तरी मी पेपर घडी करून ठेवला आणि आपला असिस्टंट आता कुठे आहे हे कोणालाही विचारलं नाही. 2013 मध्ये तो उपनगरातल्या एका उन्हाळी शिबिरातून पकडला गेला. मधली दोन वर्षं माझ्याकडे होती. 2004 साठी मी स्वतःला माफ करायला बघतो, वीस वर्षांचा होतो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदाच 2012 चा, पोलिसात कळवणं तोपर्यंत आजच्यासारखं बंधनकारक नव्हतं. मग दुसरं मन म्हणतं, कायदा नव्हता पण पोरगं तर होतं ना, चपलांमध्ये झोपलेलं. आणि 2011 साठी तर एकही कारण सापडत नाही.

अटकेनंतर सरांकडे गेलो. ते म्हणाले, "मी प्रिन्सिपलना तेव्हाच सांगितलं होतं रे." खरंच सांगितलं असणार. सर खोटं बोलणारे नव्हते. मला रागही आला आणि निघताना मी पायाही पडलो, दोन्ही त्याच दहा मिनिटांत.

त्या पोराला मी 2014 मध्ये दादर स्टेशनच्या पुलावर गाठलं. गाठलं म्हणजे तोच समोर आला. मी घाईघाईत म्हटलं, मी सरांना सांगितलं होतं तुझं. तो बघतच राहिला. "मला कोणी काहीच बोललं नाही दादा. मला वाटलं तू विसरलास." मग त्याची गाडी आली.

फोटोत तो पुढच्या रांगेत डावीकडे बसलाय, हातात शिल्ड. मध्ये सर. उतरवायचा तर दोघंही उतरतात, आणि त्याला परत एकदा टीममधून काढायला माझा हात होत नाही. हे कारण पुरेसं आहे का? बायकोला वाटत नाही. मलाही रोज वाटतंच असं नाही.

चषकाचं म्हणाल तर मी कमिटीला सांगितलंय, पैसे देतो, पण बाहेरगावी कोणताही मोठा माणूस पोराबरोबर एकटा एका खोलीत राहणार नाही असं नियमात लिहा, आणि मैदानाच्या गेटवर 1098 चा बोर्ड लावा, मुलांच्या हेल्पलाइनचा, सरांच्या बॅनरएवढाच मोठा. एक जण म्हणाला, असला बोर्ड बघून पालक काय समजतील, सरांचं नाव खराब होईल. रविवारी परत मीटिंग आहे.