आधी मोल मोजा, सूत्र मग बघू

शाळेच्या आठवणींत गॅदरिंग, सहल, स्पोर्ट्स यांवर बाकीचे लिहितीलच, मला टायट्रेशनच्या गणितांबद्दल लिहायचंय. अकरावी-बारावीला आपल्या केमिस्ट्री लॅबमध्ये ज्यांनी उभं राहून प्रॅक्टिकल केलंय त्यांना लगेच आठवेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. एका सोल्यूशनची तीव्रता माहीत असते, दुसऱ्याची नसते, ती शोधायची. एक ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या रेघा आणि खाली नळ असलेल्या उभ्या नळीत, दुसरं पिपेटने मोजून कोनिकल फ्लास्कमध्ये, त्यात रिॲक्शन पुरी झाली की रंग बदलणाऱ्या इंडिकेटरचे एक-दोन थेंब, आणि मग ब्युरेटचा नळ हळूहळू सोडत फ्लास्क हलवत राहायचं, रंग बदलला की थांबायचं आणि रिडिंग घ्यायचं. आधी अंदाजासाठी पायलट रिडिंग, मग तीन रिडिंग, त्यातून सी.बी.आर., म्हणजे कायम येणारं ब्युरेट रिडिंग. इथपर्यंत सगळ्यांना जमायचं. खरी अडचण पान उलटल्यावर, कॅल्क्युलेशन या शब्दाखाली सुरू व्हायची.

सगळीकडे ते एकाच पद्धतीने शिकवतात, एन वन व्ही वन इज इक्वल टू एन टू व्ही टू, एन म्हणजे नॉर्मॅलिटी, तीव्रतेचं एक माप, आणि व्ही म्हणजे किती मिली. तीन आकडे माहीत, चौथा काढा, झालं. वर्गातल्या बऱ्याच जणांना ते अकरावीच्या आधीच पाठ होतं. आमच्या सरांनी पहिल्याच प्रॅक्टिकलला फळ्यावर ते सूत्र लिहिलं आणि त्याच्याभोवती चौकट काढून म्हणाले, हे दिवाळीपर्यंत कोणी वापरायचं नाही, तोपर्यंत मोल मोजायचे. मोल म्हणजे डझनासारखं, पण रेणू मोजायचं एक ठरावीक मोठं माप. आम्हाला वाटलं उगाच लांबण लावतायत. आज इतक्या वर्षांनी मला ठामपणे वाटतं की केमिस्ट्री शिकवताना कोणी इतका चांगला निर्णय घेतलेला मी पाहिलेला नाही.

सरांची पद्धत अशी. ०.०५ मोलर ऑक्झॅलिक ॲसिड पिपेटने १० मिली घेतलं. मोलर म्हणजे एका लिटरला इतके मोल, मग एका मिलीला तितकेच मिलिमोल, म्हणजे फ्लास्कमध्ये ०.५ मिलिमोल ॲसिड आहे. इथे पेन खाली ठेवायचं आणि फ्लास्ककडे बघायचं, असं सर खरंच सांगायचे. आत काय आहे ते आधी डोळ्यासमोर आलं पाहिजे. मग समीकरण लिहायचं. ऑक्झॅलिक ॲसिडच्या एका रेणूला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन लागतात, म्हणून ०.५ ला १ मिलिमोल सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपली अल्कली, लागणार. ब्युरेटवर रिडिंग १०.० आलं असेल तर त्या १० मिलीमध्ये १ मिलिमोल होतं, म्हणजे अल्कली ०.१ मोलर. सूत्र कुठेच नाही, नुसता प्रश्न विचारत पुढे जायचं, किती होतं, किती लागलं, कशात होतं.

यातली मजा कळायला मला एक प्रसंग कारणीभूत ठरला. आमच्या बॅचमधल्या एकीने विचारलं, सर फ्लास्क धुतल्यामुळे आतून ओला आहे, पुसून घेऊ का. सरांनी उत्तर दिलंच नाही. तिने पिपेटने ॲसिड सोडलं आणि सरांनी वॉश बॉटल उचलून त्यात चांगलं पन्नासेक मिली डिस्टिल्ड वॉटर ओतलं. ती बिचारी घाबरली, आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो, सोल्यूशन एवढं पातळ झालं म्हणजे आता रिडिंग बदलणार हे आम्हाला पक्कं वाटत होतं. तिने नळ सोडला, फिनॉल्फ्थॅलीन या इंडिकेटरची फिकट गुलाबी छटा आली आणि टिकली, रिडिंग बघितलं तर आधीचंच, मिलीच्या दशांशापर्यंत तेच. सर एवढंच म्हणाले, पाणी वाढलं, ॲसिड वाढलं का? आणि मग लगेच दुसरी बाजू दाखवली. ब्युरेट पाण्याने धुऊन तसंच ओलं ठेवलं आणि त्यात अल्कली भरली तर ती खरोखर पातळ होते आणि रिडिंग वाढतं, म्हणून ब्युरेट त्यात जे भरायचं त्याच सोल्यूशनने खळबळून घ्यायचं, पिपेटही तसंच, फ्लास्क मात्र फक्त पाण्याने, त्यात ॲसिड राहून गेलं तर ते मोजलं जाणार. जर्नलमध्ये प्रिकॉशन्स म्हणून आम्ही जी वाक्यं उतरवून काढायचो ती सगळी त्या एका तासात मोलच्या हिशोबातून आपोआप बाहेर आली.

मला सगळ्यात जास्त भावलेलं गणित मात्र धुण्याच्या सोड्याचं. त्याच्या स्फटिकात पाणी अडकलेलं असतं, सोडियम कार्बोनेटच्या एका रेणूमागे पाण्याचे किती रेणू ते शोधायचं. पाणी तर ॲसिडबरोबर काहीच करत नाही, मग ॲसिड वापरून पाणी मोजायचं कसं? २.८६ ग्रॅम स्फटिक विरघळवून २५० मिली सोल्यूशन केलं, त्यातलं २५ मिली घेतलं, मिथिल ऑरेंज हा इंडिकेटर टाकला, आणि ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड बरोबर २० मिली लागलं. २० मिली म्हणजे २ मिलिमोल ॲसिड, कार्बोनेटच्या एकाला दोन लागतात म्हणून १ मिलिमोल कार्बोनेट, हे दहाव्या हिश्श्यात, मग सगळ्यात १० मिलिमोल, म्हणजे ०.०१ मोल. ०.०१ मोलचं वजन २.८६ ग्रॅम तर एका मोलचं २८६. त्यातलं कोरडं सोडियम कार्बोनेट १०६, उरले १८०, पाण्याचे १८ ने भागले की १०. उत्तर पूर्णांक आलं तेव्हा वर्गात खरोखर आवाज झाला होता. न दिसणारं पाणी असं नेमकं हातात येतं, याचं मला आजही नवल वाटतं.

याच कार्बोनेटवर सरांनी दुसरा इंडिकेटर घेऊन दाखवलं. मिथिल ऑरेंजऐवजी फिनॉल्फ्थॅलीन टाकलं तर गुलाबी रंग १० मिलीलाच गेला, निम्म्यावर. कारण तिथे कार्बोनेटचं फक्त बायकार्बोनेट झालंय, पुढची पायरी बाकी आहे, आणि फिनॉल्फ्थॅलीन साधारण ८.३ पीएचच्या (पीएच म्हणजे आम्लता मोजायचा आकडा) खाली रंगहीन होतं, त्याला पुढचं दिसतच नाही. त्याच फ्लास्कमध्ये मग मिथिल ऑरेंज टाकून आणखी १० मिली. म्हणजे इंडिकेटर कुठला यावर समीकरण ठरतं, आणि समीकरणावर गणित. ज्याने नुसतं सूत्र पाठ केलंय त्याला इथे एकदम दुप्पट किंवा निम्मं उत्तर येणार आणि का आलं ते कळणारही नाही.

मग पोटॅशियम परमँगनेट. त्याला इंडिकेटर लागत नाही, तो स्वतःच गडद जांभळा, आणि इतका गडद की ब्युरेटमध्ये मेनिस्कसची, म्हणजे द्रवाच्या वक्र पृष्ठभागाची, खालची कड दिसत नाही म्हणून वरची वाचायची. ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये डायल्यूट सल्फ्युरिक ॲसिड घालून ६० ते ७० डिग्रीपर्यंत गरम करायचं, हायड्रोक्लोरिक चालत नाही कारण परमँगनेट त्याचंच ऑक्सिडेशन करून बसतं आणि रिडिंग जास्त येतं. पहिला थेंब पडला की जांभळा रंग जाता जात नाही, आपण फ्लास्क हलवत राहतो, वाटतं एंड पॉइंट, म्हणजे थांबायची वेळ, आली की काय, आणि मग तो विरतो, दुसरा जरा लवकर, पुढचे तर पडल्या पडल्या गायब. रिॲक्शनमध्ये तयार होणारे मँगनीज आयनच तिचा वेग वाढवतात. हे वाचून कधी लक्षात राहिलं नसतं, हात दुखेपर्यंत फ्लास्क हलवल्यावर कायमचं राहिलं.

गणित बघा. इथे ऑक्झॅलिक ॲसिडचे पाच आणि परमँगनेटचे दोन. फ्लास्कमध्ये तेच ०.५ मिलिमोल, त्याचे दोन पंचमांश ०.२ मिलिमोल परमँगनेट. रिडिंग ९.८ असेल तर ०.२ भागिले ९.८, म्हणजे ०.०२०४ मोलर. एन वन व्ही वनच्या सवयीने कोणी मोलॅरिटीच घालून दोन्ही बाजू सारख्या केल्या तर ०.०५१ येतं, अडीच पट. चूक सूत्राची नाही, त्यात नॉर्मॅलिटी, म्हणजे समीकरणातला एकाला किती हा हिशोब आधीच धरलेली तीव्रता, घालायची असते, पण ती का घालायची हे समीकरणाशिवाय कळत नाही.

सर नॉर्मॅलिटीला नावं ठेवायचे नाहीत हेही सांगायला हवं. ते म्हणायचे ती आली त्या काळात तिचा उपयोग फार मोठा होता. गे-ल्युसाकने १८२४ मध्ये ब्युरेट, पिपेट ही नावं वापरात आणली, जर्मनीच्या मोरने, ज्याच्या नावाचं मोर सॉल्ट आपण प्रॅक्टिकलला वापरतो, १८५५ मध्ये टायट्रेशनवर अख्खं पाठ्यपुस्तक लिहिलं, आणि अणुभार नेमके किती धरायचे यावर केमिस्ट लोकांचं एकमत नव्हतं म्हणून १८६० ला कार्ल्सरूहमध्ये परिषद भरवावी लागली. पदार्थाचं सूत्रच नक्की माहीत नसेल तर मोल कशाचे मोजणार, तेव्हा इतक्या ॲसिडला इतकी अल्कली पुरते हा सममूल्याचा हिशोबच हाताशी होता. आपल्याकडे आता समीकरण आहे, मग ते बाजूला का ठेवायचं, असा त्यांचा साधा मुद्दा होता. आणि ठरल्याप्रमाणे दिवाळीनंतर त्यांनी चौकटीतलं सूत्र आम्हाला वापरायला दिलं, पण आधी मोलवरून ते आमच्याकडूनच काढून घेतलं. कॉम्पिटिटिव्ह एक्झामच्या घाईत ते उपयोगी पडतं, मीही वापरलं.

लॉग टेबलबद्दल दोन शब्द. आम्ही लॉग-अँटिलॉग करून ०.०२०४१ असं लिहून मोठ्या समाधानाने जर्नल पुढे करायचो आणि सर शेवटच्या एकाला गोल करायचे. ब्युरेटवर सगळ्यात लहान रेघ ०.१ मिलीची, ९.८ मध्ये ०.१ म्हणजे शेकड्याला एक, मग उत्तरातही तेवढं इकडेतिकडे होणारच, तो शेवटचा एक टेबलाने दिलाय, ब्युरेटने नाही. त्याच ०.१ चा परिणाम २५ मिलीवर शेकड्याला ०.४ इतकाच, म्हणून मोठं पिपेट घेतलेलं बरं. आकडा कुठून आला आणि त्यावर किती विसंबायचं, हे मला पुढे कॉलेजात स्टॅटिस्टिक्सनेही इतक्या स्पष्टपणे शिकवलं नाही.

मी आता पाणी तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, त्यांना धरून ठेवणाऱ्या ईडीटीए या रसायनाने टायट्रेट करून काढतात, पीएच स्थिर ठेवायला १० चा बफर, इंडिकेटर एरिओक्रोम ब्लॅक टी, वाईनसारखा लाल रंग जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचं. ५० मिली सॅम्पल आणि ०.०१ मोलर ईडीटीए असेल तर रिडिंगला २० ने गुणलं की लिटरमागे मिलिग्रॅममध्ये उत्तर, रिडिंग १२.४ तर २४८. नवीन आलेली मुलं हे २० डोळे झाकून वापरतात, आणि सॅम्पल १०० मिली घेतलं त्या दिवशीही २० नेच गुणतात. मग मी त्यांना खुर्ची ओढून बसवते आणि विचारते, ब्युरेटमधल्या एका मिलीमध्ये ईडीटीए किती? ०.०१ मिलिमोल. ते एकाला एक धरतं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात ०.०१ मिलिमोल, मोलचं वजन १००, म्हणजे बरोबर १ मिलिग्रॅम. मग १२.४ मिलीला १२.४ मिलिग्रॅम, हे ५० मिलीत, लिटरला वीस पट. २० कुठून आले ते सापडलं की १०० मिलीला १० ने गुणायचं हे कोणाला सांगावं लागत नाही. विचारताना माझ्या तोंडी सरांचेच शब्द येतात, पेन खाली ठेव, फ्लास्कमध्ये काय आहे ते सांग.

शाळेला एक विनंती आहे. बारावीच्या प्रॅक्टिकल एक्झामच्या आधी एखादा शनिवार मला द्या, मी बॅक टायट्रेशन घेऊन येते, कारण सिलॅबसच्या गडबडीत ते राहून जातं आणि मोल मोजायची सवय त्यात सगळ्यात जास्त कामी येते. चुनखडीचा दगड पाण्यात विरघळत नाही, थेट टायट्रेट करता येत नाही, म्हणून ॲसिड मुद्दाम जास्त घालायचं आणि उरलेलं मोजायचं. सराव म्हणून एक गणित इथेच देऊन ठेवते, या वर्षीच्या मुलांनी आणि वाटलं तर माझ्या बॅचवाल्यांनीही करून बघा. चुनखडीची पूड १ ग्रॅम, त्यावर ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड ५० मिली, फेस थांबेपर्यंत वाट बघितली, उकळून कार्बन डायऑक्साइड घालवला, गार केलं, आणि उरलेल्या ॲसिडला ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड १४ मिली लागलं. दगडात कॅल्शियम कार्बोनेट शेकडा किती? सूत्र वापरायचं नाही.